२३० ची डिस्क १९० ची करताना

उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक जुनं मिलिंग आणि वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री. वडिलांच्या काळात ऑइल इंजिनांचे पार्ट व्हायचे. आता पंपाचे शाफ्ट, फौंड्रीवाल्यांची किरकोळ कामं आणि शिरोळकडच्या ऊसवाल्यांचं मोडलेलं काय असेल ते. वर्षातून एकदा मात्र कॉलेजच्या पोरांचा हंगाम येतो. प्रोजेक्ट, सबमिशन आणि हल्ली गो-कार्ट, म्हणजे जमिनीलगतची छोटी रेसची चारचाकी.

कोल्हापूरला गाड्यांचा नाद नवा नाही. इथं मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या इथं झाल्यात. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. पण तो पैशाचा खेळ. त्या कार्टला ५० मिमीचा पोकळ अ‍ॅक्सल, तिच्यासाठीच बनवलेली डिस्क, सगळं बाहेरून येणारं. आमच्याकडं येतात ती पोरं भंगारातल्या बाइकचं इंजिन आणि वर्गणीचे पैसे घेऊन येतात. त्यांना जे बाजारात मिळतं ते कापून, तासून बसवायचं असतं.

तशीच चौघं आली. तीन पोरं, एक मुलगी. पिशवीतून पेपरात गुंडाळलेली ब्रेकची डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली.

"काका, पल्सर २२० ची मागची हाय. २३० मिमी. १९० करून पाहिजे."

मी डिस्क उचलली, बोटाच्या नखानं टण्णकन वाजवून बघितली. ४ मिमी जाडीची चकती, बाहेरून २० मिमी उतरवायची. म्हटलं, पाचशे रुपये द्या, उद्या संध्याकाळी न्या. एवढं झटकन बोललो, आणि तिथंच चुकलो.

१९० च का, हे मात्र विचारलं. पोरांकडं उत्तर तयार होतं आणि ते बरोबर होतं. कार्टच्या मागच्या चाकाला ११ इंची टायर असतो, त्यावर ११ × ७.१० - ५ असं लिहिलेलं असतं. ११ इंच म्हणजे २७९ मिमी, त्याची त्रिज्या जवळजवळ १४०. माणूस बसला की टायर दबतो, म्हणून अ‍ॅक्सलचा मध्य जमिनीपासून त्यांनी १३२ मिमी मोजला होता. २३० च्या डिस्कची त्रिज्या ११५. म्हणजे डिस्कची कड जमिनीपासून १७ मिमीवर, आणि फ्रेमचा खालचा पाइप ३५ मिमीवर. ट्रॅकच्या कडेचा कर्ब जरा चढला की आधी डिस्कच घासणार. १९० केली की कड ३७ मिमीवर येते, फ्रेमच्या पाइपाच्या २ मिमी वर.

वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल कार्टला नसतं. मागचा अ‍ॅक्सल एकसंध, दोन्ही चाकं त्यालाच पक्की. म्हणून एकच डिस्क अ‍ॅक्सलवर बसवली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. म्हणजे ही एक चकती वाकली तर गाडी थांबवायला दुसरं काही नाही. हे मला माहीत होतं, तरी पाचशे रुपये बोलून बसलो होतो.

संध्याकाळी वेळ मिळाला तेव्हा डिस्क लेथच्या थ्री-जॉ चकावर, म्हणजे तीन जबड्यांच्या पकडीवर चढवली. मधल्या भोकात जॉ आतून उघडून धरली. पाठीमागं काही आधार नाही. घाई, दुसरं काय. हायस्पीड स्टीलचं टूल लावलं आणि पहिला कट घेतला. आवाज असा आला की शेजारच्या गाळ्यातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. पातळ चकती, मधे धरलेली, कड मोकळी. देवळातली घंटा हातोडीनं वाजवावी तसं झालं. कड बघितली तर कापल्यापेक्षा घासल्याचीच खूण जास्त, आणि टूलची धार गेलेली.

मग कानस घेऊन बाहेरच्या, ब्रेक घासतो त्या पट्ट्यावर फिरवली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. मधल्या हातांवर, म्हणजे पट्ट्याला मधाशी जोडणाऱ्या आऱ्यांवर फिरवली तर चावली. बाइकची डिस्क मोटारीच्या डिस्कसारखी बिडाची नसते. ती स्टेनलेसचीच, पण भांड्यांच्या स्टेनलेसची नव्हे. हिला लोहचुंबक चिकटतं, आणि हिला पाणी देता येतं, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक करता येतं. जिथं पॅड, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटणारी ब्रेकची वडी, घासतं तेवढाच पट्टा इंडक्शननं कडक केलेला असतो, मधला भाग मऊ ठेवतात. म्हणजे मला नेमका कडक भागच उतरवायचा होता.

ब्रेझ केलेलं कार्बाइडचं टूल लावलं, डिस्कच्या मागं लाकडाची फळी दाबून धरली आणि हळूहळू खाली आलो. २३० वरून २१४ पर्यंत बरं चाललं. मग भोकं लागली. डिस्कला हवेसाठी, पाण्यासाठी, वजनासाठी भोकं असतात, हे शेंबड्या पोरालाही दिसतं. मी कामाला लागताना ती मोजली नव्हती. टूल भोकात पडायचं आणि पलीकडच्या भिंतीवर आपटायचं. खट, खट, खट. तिसऱ्या कटाला कार्बाइडचा कोपरा उडाला. तरी इरेला पेटून २०६ पर्यंत नेली. थांबवून बघितलं तर बाहेरच्या ओळीतली सगळी भोकं मधोमध चिरलेली. डिस्क राहिली नव्हती, सॉ मिलमधलं करवतीचं पातं झालं होतं.

मिस्त्री तोवर घरी जायला निघालेले. सायकल बाहेर काढून, डबा हँडलला अडकवून आत डोकावले. डिस्ककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"धाकटं मालक, पॅड कुठं बसणार हाय?"

मी ५२ वर्षांचा आहे. मिस्त्रींसाठी अजून धाकटाच.

त्यांनी डबा परत टेबलावर ठेवला. व्हर्निअर घेतला आणि न बोलता मापं घेतली. पट्टा मधल्यापासून ८२ मिमीवर सुरू होतो, ११५ वर संपतो. म्हणजे ३३ मिमी रुंद. कड ९५ वर आणली की उरतो १३ मिमी. त्याच्या आत नुसते हात आणि मोकळ्या जागा. त्या गाडीचं पॅड निदान ३० मिमी उंचीचं असणार. अर्धं पॅड पट्ट्यावर आणि अर्धं हातांवर. दर फेऱ्याला पॅड त्या हातांवरून उड्या मारत जाणार, आणि आठवडाभरात त्याचे लचके निघणार.

मी कडेचा विचार करत होतो. त्यांनी पॅडचा केला. डिस्क छोटी करायची म्हणजे आधी पॅडची जागा कागदावर काढायची आणि मग कड कुठं येते ते बघायचं. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस हे एका प्रश्नात विचारून सायकलवर बसून निघून गेला. मी दिवे बंद करून घरी गेलो. बायकोनं विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, पाचशे रुपयाचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी पोरांना खरं सांगितलं. तुमची डिस्क मी बिघडवली, पैसे द्यायचे नाहीत, पण ही मुळातच १९० व्हायची नव्हती. पोरं हिरमुसली. मुलगी मात्र पुढं आली. ब्रेकचं सगळं तिच्याकडं होतं. तिनं पिशवीतून कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, आणि पॅड काढलं आणि माझ्याच टेबलावर पेन्सिलीनं वर्तुळं काढायला लागली.

"मग कुठली घेऊ काका? मी बघतो की गुजरीपासून शाहूपुरीपर्यंत सगळीकडं."

कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात. बाहेरच्यांना नवल वाटतं.

मी म्हटलं, २०० ची शोध. मोठी आणून कमी करण्यापेक्षा जवळच्या मापाची आण. तिला अपाचेची मागची डिस्क मिळाली, २०० मिमीची. कड पाकळीदार. पट्टा ६७ पासून १०० पर्यंत. कड ९५ वर आणली की २८ मिमी पट्टा उरतो. पॅड मोजलं तर ३१ मिमी. बाहेरून पॅड डिस्कच्या कडेच्या अर्धा मिमी आत ठेवायचं आणि आतल्या बाजूनं ४ मिमी घासून टाकायचं, म्हणजे ते ६७.५ ते ९४.५ एवढ्यात बसतं.

अर्धा मिमी आत का, यावर एक पोरगा अडला. पॅड थोडं बाहेर राहिलं तर काय बिघडतं? मी दोन हात समोरासमोर धरून दाखवलं. डिस्कच्या बाहेर राहिलेला पॅडचा भाग झिजत नाही. बाकीचं पॅड झिजत जातं आणि ती बाहेरची कड तशीच उभी राहते. दोन्ही बाजूच्या कडा वाढत वाढत शेवटी एकमेकींना भिडतात. मग पाय दाबला तरी पॅड पॅडवरच दाबलं जातं, डिस्कवर नाही. उलट पॅड आत राहिलं तर डिस्कलाच बारीक कड येते, तिचा त्रास नाही.

डिस्क बदलली तरी पोरांची एक काळजी जाईना. टॉर्क, म्हणजे चाक अडवणारा पिळाचा जोर, कमी होतोय. मुलीनं वहीतला हिशेब दाखवला. २३० च्या डिस्कवर पॅडचा मध्य ९८ मिमीवर होता, आता ८१ वर. सरळ १७ टक्के घट. पायाचा जोर ३० किलो, पेडल चारास एक, मास्टर सिलिंडर १२.७ मिमी, कॅलिपरचा पिस्टन ३० मिमी, घर्षण ०.४ धरून आधी ५२५ न्यूटन मीटर येत होते, आता ४३४.

"आणि चाक लॉक व्हायला किती लागतात?" मी विचारलं.

तिनं ते काढलंच नव्हतं. मग दोघांनी बसून काढलं. गाडी आणि ड्रायव्हर मिळून १६० किलो, साठ टक्के वजन मागच्या चाकांवर. ब्रेक दाबला की वजन पुढं झुकतं आणि मागचं हलकं होतं. पकड ०.९ धरली तरी मागचे टायर साधारण पावणेसातशे न्यूटनच धरू शकतात. त्याला टायरची त्रिज्या लावली की जेमतेम ९० न्यूटन मीटर. त्याच्या पुढं चाक फिरायचं थांबून घसरणारच, मग तुमच्याकडं ४३४ असोत की ५२५. मोठ्या डिस्कला सव्वापाच किलो पाय दाबला की चाक लॉक, छोटीला सव्वासहा किलो. एक किलोचा फरक.

मिस्त्री तिकडं ड्रिलवर होते, तिथूनच म्हणाले, "सायकलचा मागला ब्रेक दाबल्यावर घसरतीयाच की."

माझं मत असं की पोरांना छोटी डिस्कच फायद्याची होती. सव्वापाच किलो म्हणजे पाय नुसता ठेवला तरी चाक अडकणार. नवख्या ड्रायव्हरला पाय जरा दाबायला लागला तर बरंच. खरा तोटा होतो तो उष्णतेचा, आणि तिकडं कुणी बघितलंच नव्हतं. ताशी ६० वरून ३० वर आलं की साडेसोळा किलोज्यूलच्या वर ऊर्जा कुठंतरी जायला पाहिजे, ती डिस्कच्या पट्ट्यात जाते. मोठ्या डिस्कचा पट्टा भोकं वजा करून पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास, छोटीचा चारशे. सगळी उष्णता त्यातच गेली असं धरलं तर एका ब्रेकला मोठी ६४ अंशांनी तापते, छोटी ९० अंशांनी. आणि कार्टच्या ट्रॅकवर दर दहा-पंधरा सेकंदांनी वळण. डिस्क थंड व्हायच्या आत पुढचा ब्रेक.

मी विचारलं, ब्रेक ऑइल कुठलं? एकानं गेल्या वर्षीच्या टीमनं ठेवलेली अर्धी बाटली दाखवली. डॉट थ्री. झाकण सैल. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. नवं डॉट थ्री २०५ अंशांना उकळतं, डॉट फोर २३० ला. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मुरलं की डॉट थ्रीची मर्यादा १४० वर येते, डॉट फोरची १५५ वर. पंचगंगेच्या काठच्या पावसाळ्यात सैल झाकणाची बाटली. ती बाटली मी त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. पोरांना वाईट वाटलं, दीडशे रुपये वाचले असते त्यांचे.

या वेळी कापायच्या आधी धरायची सोय केली. भंगारातून २० मिमी जाडीची एक लोखंडी प्लेट काढली, चकात धरली, १८४ मिमी केली, तोंड सपाट घेतलं आणि मधे डिस्कच्या भोकात जेमतेम सरकेल असा उंचवटा ठेवला. हे सगळं एकाच सेटिंगमध्ये. प्लेट एकदा चकात धरली ती काम संपेपर्यंत काढायची नाही. काढून परत लावली की केंद्र हललंच म्हणून समजा. दुसरी १० मिमीची प्लेट समोरून, तीही १८४ ची. दोन प्लेटींच्या मधे डिस्क, आणि डिस्कच्याच बोल्टच्या भोकांतून आरपार बोल्ट. पट्ट्याच्या पॉलिशला ओरखडे पडू नयेत म्हणून समोरच्या प्लेटीखाली जुन्या कॅलेंडरचा जाड कागद. आता प्लेटीच्या बाहेर डिस्क ८ मिमीच होती, शेवटी ३ मिमी उरणार. वाजायला जागाच ठेवली नाही.

कापायच्या आधी मार्किंग ब्लू लावून ९५ च्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं. भोकांच्या बाहेरच्या ओळीपासून नवी कड ३ मिमी लांब होती. ३ मिमी म्हणजे फार नाही, पण चालतं. भोक आणि कड यांच्यात याहून कमी धातू राहिला तर तापून-गार होऊन तिथंच चीर पडायला सुरुवात होते. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून वाकून बघितलं आणि मान हलवली. परवानगी मिळाली.

तुटक कट सोसणारी चिवट ग्रेडची कार्बाइडची टिप आणली, नाकाची त्रिज्या ०.८. स्पिंडल ९० फेऱ्यांवर, म्हणजे कडेचा वेग मिनिटाला साधारण ५७ मीटर. कट ०.३ मिमी, फीड फेऱ्याला ०.१. कूलंट बंद. पोरानं विचारलं, कूलंट नको का? पाकळ्यांवरून टूल जाताना टिप क्षणात तापते, क्षणात मोकळी होते. वरून गार पाणी पडलं की कार्बाइडला केसासारख्या चिरा जातात. कोरडीच चालू दे.

पाकळ्यांवर आवाज आलाच. पण हा आवाज वेगळा होता, घड्याळासारखा एका लयीत, हादरा नाही. साधारण तिसऱ्या मिमीला पाकळ्यांच्या खाचा संपल्या, कड गोल झाली आणि आवाज एकदम थांबला. लेथवर काम करणाऱ्याला या क्षणाचं सुख कळेल. नुसता सुर्रर्र आणि निळसर कीस. कट ०.५ केला. शेवटचा ०.१ घेऊन मायक्रोमीटर लावला. दोन्ही बाजूंनी अर्ध्या मिमीचा चॅम्फर मारला, म्हणजे धारदार कड तिरकी मोडली. भोकांच्या कडा मिस्त्रींनी हातानं, काउंटरसिंक बोटांत धरून फिरवून मोडल्या. मशिनवर केलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं. त्यांना मशिनवर भरवसा नाही.

कापायला पाऊण तास लागला. धरायच्या तयारीला दीड दिवस.

वायरकटवर, म्हणजे विजेच्या ठिणगीनं कापणाऱ्या तारेवर का नाही केलं, असं पोरांनी नंतर विचारलं. करता आलं असतं. तार भोकांतून गेली काय, पाकळीतून गेली काय, तिला जोर लागतच नाही, चकती वाजत नाही. कडक धातूचंही काही वाटत नाही. पहिली डिस्क वायरकटला दिली असती तर ती सुबक कापून आली असती आणि पॅड तरीही हातांवरच बसलं असतं. काही कॉलेजं तर पत्र्यातून लेझरनं नवीच डिस्क काढून घेतात. त्या बहुतेक वेळा पाणी न दिलेल्याच लावतात, आणि मऊ डिस्कवर दोन दिवसांत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पडतात. पाणी दिलं तर ४ मिमीचा पत्रा पापडासारखा वाकतो आणि मग ग्राइंडिंगला पाठवा. तयार डिस्क कापणं यात हाच फायदा, कडक करणं आणि सपाट करणं कारखान्यानं आधीच करून ठेवलेलं असतं.

हब, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते ती मधली बैठक, पोरांनी दुसरीकडून करून आणलं होतं. ३० मिमीचा अ‍ॅक्सल, दोन्ही एकत्र फिरावीत म्हणून खाचेत ८ मिमीची किल्ली, वर एक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू. गाडी आमच्या दारात आणली, डिस्क बसवली, डिस्क किती डुलते ते बघायला डायल गेज लावला आणि चाक हातानं फिरवलं. सुई ०.४ मिमी हलली. पोरांचे चेहरे उतरले, त्यांना वाटलं डिस्क वाकडी झाली. डिस्क काढून त्या प्लेटींच्या फिक्श्चरवर परत तपासली तर तिथं पॉइंट झिरो पाचच्या आत. मग हबकडं बघितलं. अ‍ॅक्सल आणि हब यांत थोडी फट होती, आणि ग्रब स्क्रू आवळला की तो हबला एका बाजूला ओढून तिरकं करत होता. जेवढं जास्त आवळाल तेवढं जास्त तिरकं. पोरं रन आऊट, म्हणजे डिस्कचं ते डुलणं, काढायला तो स्क्रू अजून आवळत होती.

नवं हब केलं, ईएन ८ पोलादाचं, भोक आणि डिस्कचं तोंड एकाच सेटिंगमध्ये. एका बाजूला चीर देऊन दोन बोल्टनी गोल आवळायचं. किल्ली ठेवली. सुई ०.०८ वर आली. मुलीनं डायलचा फोटो काढला आणि तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला.

कॅलिपरचं ब्रॅकेट २३० च्या हिशेबानं आधीच वेल्डिंग करून ठेवलेलं होतं, ते कापून टाकावं लागलं. नव्याला लांबट भोकं दिली, पॅडची जागा चिमटीत धरून बसवली आणि मग दोन डावल, म्हणजे पक्क्या पिना, ठोकले, म्हणजे परत कुणी सैल करून हलवायला नको. ही ठोकाठोकी रात्री साडेदहापर्यंत चालली, मधे पोरांनी तांबडा-पांढरा मागवला.

नियमांचं एक राहिलं होतं. आंतरराष्ट्रीय कार्टिंगच्या तांत्रिक नियमांत डिस्क पोलादाची, स्टेनलेसची किंवा बिडाची चालते, कार्बनची नाही. आणि डिस्क फ्रेमच्या खालच्या पाइपांच्या पातळीला किंवा खाली असेल तर तिला संरक्षक पट्टी सक्तीची, टेफ्लॉन, नायलॉन, डेलरिन असल्या कशाची तरी. आमची डिस्क २ मिमी वर होती, म्हणजे नियमानं गरज नाही. पोरगा म्हणाला, मग वजन कशाला वाढवायचं? मी म्हटलं, कर्बचा कोपरा पाइपांच्या मधनं वर आला की तुझे ते २ मिमी कुठं राहतात? नायलॉनचा तुकडा आमच्याकडं पडून होता, पट्टी केली आणि डिस्कच्या खाली बसवली.

बेडिंग, म्हणजे नवं पॅड आणि डिस्क एकमेकांवर घासून बसवणं, कॉलेजच्या मैदानात झालं. ताशी ४० पर्यंत जायचं, १५ पर्यंत हलक्या पायानं यायचं, मधे डिस्कला वारा लागू द्यायचा. अशा तीसेक फेऱ्या. पूर्ण थांबायचं नाही, थांबलं की तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. मला मैदानाच्या कडेला खुर्ची दिली होती. पहिल्या आठ-दहा फेऱ्यांत पॅड जळाल्याचा वास आणि थोडा धूर. मी काही बोललो नाही, वास यायलाच पाहिजे. शेवटी गार झाल्यावर पट्टा बघितला. सगळीकडं सारखी करडी झाक, मधेच निळा डाग नाही. आतल्या कडेला, जिथं मी पॅड घासून कमी केलं होतं, तिथं एका हाताच्या मुळाशी मात्र चकाकी दिसली. पॅड अजून थोडं हाताला लागत होतं. कानस मागितली आणि तिथंच मैदानात बसून पॅड आणखी अर्धा मिमी उतरवलं.

मुलगी शेजारी उकिडवी बसून बघत होती. "कॅलक्युलेशनमध्ये बरोबर होतं की ओ काका."

"पॅडच्या कडेला गोलाई असते, तू सरळ धरलीस."

तिनं वहीत लिहून घेतलं.

स्पर्धा कोइमतूरला होती. गाडी टेम्पोत घालून पोरं गेली. चौथ्या दिवशी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आले. एकात डिस्कची कड, चॅम्फर जसाच्या तसा. दुसऱ्यात नायलॉनची पट्टी, अर्ध्याहून जास्त खरवडलेली, कर्बचा लाल-पांढरा रंग तिच्यात भरलेला. खाली लिहिलं होतं, ब्रेक टेस्ट पहिल्याच फेरीत पास, शर्यतीत चेन तुटली, बाकी काही विचारू नका. मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ पट्टीकडं बघितलं आणि विचारलं, "चेनचं स्प्रॉकेट कुणी मारलं हुतं?"